वाचक विचारतात : रक्तातले आणि लघवीतले बेंझीन मोजायचे कसे?

गेल्या महिन्यात या सदरात पेट्रोलच्या वाफांविषयी लिहिले होते. पेट्रोल, रंग, थिनर, गोंद यांतून उडून हवेत मिसळणारी बेंझीन, टोल्यूइन, झायलीन यांसारखी बाष्पनशील द्रव्ये श्वासावाटे रक्तात उतरतात आणि ती किती उतरली हे प्रयोगशाळेत मोजता येते, असा त्या मजकुराचा आशय होता. आलेली बहुतेक पत्रे यातल्या 'मोजता येते' या शब्दांवरच आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण हे दोन शब्द मी फारच सहज लिहून गेलो होतो. त्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे पती इंधनाचे टँकर भरण्याच्या आगारात काम करतात. तेथील आरोग्य शिबिरात त्यांच्या लघवीची तपासणी झाली. अहवालात 'ट्रान्स, ट्रान्स-म्युकोनिक आम्ल : ७८० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन, मर्यादा ५००' असे लिहून आकड्याखाली लाल रेघ ओढली आहे. शिबिर सोमवारी सकाळी होते. त्यांची शेवटची पाळी शनिवारी दुपारी तीनला संपली होती आणि रविवारी सुट्टी होती. शिबिरात आधी सगळ्यांना पाकीटबंद केक आणि फळांचे बाटलीबंद सरबत दिले आणि दोन-अडीच तासांनी नमुने घेतले. घरात सगळे घाबरले आहेत. हा आकडा खरा मानायचा का?
— एक गृहिणी, चेंबूर

उत्तर : ताई, यंत्राने आकडा चुकीचा दाखवला असे मानण्याचे कारण नाही. पण तो आकडा कशाचा आहे, हे त्या अहवालावरून ठरत नाही, आणि लाल रेघ ओढणाऱ्याने एवढे तरी तुम्हाला सांगायला हवे होते.

या तपासणीत बेंझीन मोजतच नाहीत. श्वासातून आलेल्या बेंझीनचा काही भाग तसाच उच्छ्वासातून परत जातो. उरलेल्यावर यकृत प्रक्रिया करते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. म्युकोनिक आम्ल हा त्यांतला एक पदार्थ आहे. ते बेंझीनसारखे उडून जात नाही, साध्या द्रव क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजण्याच्या पद्धतीने) मोजता येते आणि तपासणी स्वस्त पडते. म्हणूनच शिबिरांतून तिचा वापर जास्त होतो. तुम्ही लिहिलेली ५०० ची मर्यादा ही एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मार्गदर्शक पातळी आहे, आणि ती *पाळी संपताना* घेतलेल्या नमुन्यासाठी आहे. हे दोन शब्द तुमच्या अहवालात नसावेत, असे वाटते.

वेळेला एवढे महत्त्व का, ते एका हिशेबाने कळेल. शरीरातून बाहेर पडताना म्युकोनिक आम्लाचे प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मे होते. शनिवारी दुपारी तीन ते सोमवारी सकाळी नऊ हे बेचाळीस तास होतात, म्हणजे ते प्रमाण आठ वेळा निम्मे झाले आणि अडीचशेव्या हिश्श्याच्या आसपास उरले. सोमवारचे ७८० जर शनिवारच्या कामामुळे असतील, तर शनिवारी पाळी संपताना तो आकडा दोन लाखांच्या घरात असायला हवा होता. हवेत एवढे बेंझीन असते तर वास आणि भोवळ यांवरूनच ते सगळ्या आगाराला कळले असते. चरबीत मुरलेले थोडे बेंझीन हळूहळू परत येत राहते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण तो दोन-चार पटींनी चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग ७८० आले कोठून? माझा संशय केक आणि सरबतावर आहे. बुरशी धरू नये म्हणून अशा पदार्थांत सॉर्बिक आम्ल किंवा पोटॅशियम सॉर्बेट घालतात. वेष्टनावर बारीक अक्षरांत 'परिरक्षक २००' किंवा '२०२' असे छापलेले असते. खाण्यासाठी हा पदार्थ निर्धोक समजला जातो, पण शरीरात त्याच्या अगदी अल्प भागाचे, ढोबळमानाने हजारात एका भागाचे, रूपांतर याच म्युकोनिक आम्लात होते. समजा, १०० मिलिग्रॅम सॉर्बेट पोटात गेले. त्याचा हजारावा भाग म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पुढच्या काही तासांच्या लघवीत क्रिएटिनिन अर्धा ग्रॅम असेल, तर एवढ्यानेच अहवालातला आकडा २०० पर्यंत चढू शकतो, आणि बेंझीनचा यात काहीही संबंध नसतो. त्याच्या जोडीला धूम्रपान असेल, तर बिडी-सिगारेटच्या धुरातल्या बेंझीनची भर पडते. पती धूम्रपान करतात की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही.

क्रिएटिनिनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पाणी कमी प्यायलेल्या माणसाची लघवी दाट असते आणि तिच्यात सगळेच जास्त दिसते. क्रिएटिनिन स्नायूंतून बऱ्यापैकी एकसारख्या गतीने येत असल्यामुळे त्याच्याशी प्रमाण काढले की दाट-पातळपणाचा फरक बराचसा निघून जातो. मात्र लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त क्रिएटिनिन आले तर तो नमुना बाद करून दुसरा घ्यावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. अहवालात क्रिएटिनिनचा आकडा वेगळा दिला आहे का, ते पाहा.

आता करायचे काय, ते सांगतो. आगाराच्या डॉक्टरांना भेटून नमुना पुन्हा घ्यायला सांगा. सलग दोन-तीन दिवस काम झाल्यावर पाळी संपताना तो घ्यावा आणि त्याआधी दोन दिवस पाकिटातले गोड पदार्थ, बाटलीतली सरबते, चीज असले काही खाऊ-पिऊ नये. तपासणीही बदलून मागा. *एस*-फिनाइल मर्कॅप्ट्युरिक आम्ल हे बेंझीनखेरीज सहसा दुसऱ्या कशापासून होत नाही, आणि त्याची पाळी संपतानाची मार्गदर्शक पातळी क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे २५ मायक्रोग्रॅम आहे. इतके कमी प्रमाण मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारे उपकरण) जोडलेले यंत्र लागते, म्हणून ही तपासणी महाग पडते. तिच्यातही एक खाच आहे. लघवीत या आम्लाचे एक कच्चे रूप असते आणि नमुन्यात आम्ल घातले की तेही पक्के होऊन मोजणीत येते. त्यामुळे एकच नमुना दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे आकडे देऊ शकतो. नमुना किती आम्लधर्मी केला होता, हे विचारायला संकोचू नका. याबरोबर कॉलरला लावायच्या बिल्ल्याने पाळीभरच्या हवेची मोजणी आणि रक्तपेशींची साधी गणना झाली, तर चित्र पुरेसे स्पष्ट होईल. बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवू शकते हे सिद्ध झालेले आहे. म्हणूनच त्याची मोजणी केकच्या तुकड्याने बिघडू देता कामा नये.

प्रश्न : रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. रक्तातील बाष्पनशील द्रव्यांसाठी 'हेडस्पेस' पद्धत वापरतात असे वाचले. रक्त थेट गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये का सोडत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सोडून पाहा, म्हणजे तुमचे मार्गदर्शक दुसऱ्यांदा विचारू देणार नाहीत! गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र वायुरूप द्रव्ये लांब नळीतून नेऊन एकमेकांपासून वेगळी करते, आणि त्याचे प्रवेशद्वार दोनशे-अडीचशे अंश सेल्सियसला तापलेले असते. तेथे रक्तातली प्रथिने करपतात, सुई बुजते आणि पुढची साठ मीटर लांबीची, पाव मिलिमीटर पोकळीची केशनळी कायमची खराब होते. म्हणून रक्त बाहेरच ठेवून त्यातून उडणारे तेवढेच आत पाठवायचे, हा हेडस्पेसचा साधा विचार आहे.

वीस मिलिलिटरची काचेची कुपी घ्यायची, तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घालायचे आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले बूच लावून वरून ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवायची. कुपी पन्नास-साठ अंशांवर काही वेळ ठेवली की बेंझीनचा काही हिस्सा रक्तात राहतो, काही वरच्या हवेत येतो आणि दोन्हींमध्ये समतोल साधला जातो. हिंगाच्या डबीचे झाकण उघडल्याबरोबर जो भपकारा येतो, तो डबीतल्या हवेतल्या हिंगाचा असतो, खड्यातल्या नव्हे. तरी डबीत हिंग आहे हे आपण त्यावरूनच ओळखतो. इथेही वरची एक मिलिलिटर हवा सुईने ओढून यंत्रात सोडायची आणि तिच्यावरून खालच्या रक्तातले प्रमाण काढायचे.

हिशेबाची खरी गोम पुढे आहे. शरीराच्या तापमानाला समतोल साधल्यावर रक्तातले बेंझीन वरच्या हवेतल्याच्या सुमारे आठपट असते. पाण्याच्या बाबतीत हीच पट तीनच्या आसपास भरते, कारण रक्तातील चरबी आणि प्रथिने बेंझीन धरून ठेवतात. म्हणजे प्रमाण द्रावण (तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणात केलेले द्रावण) पाण्यात केले आणि नमुना मात्र रक्ताचा असला, तर पाण्यावरच्या हवेत बेंझीन जास्त येते आणि त्या मापाने रक्तातले बेंझीन खरे आहे त्यापेक्षा कमी भासते. अनेक प्रबंधांत ही चूक सापडते. तिच्यावरचा उपाय असा की हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचेच जड रूप, असलेले बेंझीन मोजून प्रत्येक कुपीत सुरुवातीलाच घालायचे. रासायनिकदृष्ट्या ते जवळजवळ जुळे भावंड असते, पण मास स्पेक्ट्रोमीटरला दोघांतला फरक कळतो, कारण एकाचा संकेत ७८ वर येतो आणि दुसऱ्याचा ८४ वर. ज्वारीच्या पोत्यात शंभर रंगवलेले दाणे मोजून मिसळावेत, तसे हे आहे. पुढे पोते फाटून निम्मी ज्वारी सांडली, तरी उरलेल्या ज्वारीत रंगीत आणि साध्या दाण्यांचे प्रमाण तेच राहते, आणि मूळ पोत्यात किती ज्वारी होती हे त्यावरून काढता येते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताची तपासणीही न्यायवैद्यक प्रयोगशाळांत हेडस्पेस पद्धतीनेच होते, पण तेथील काम तुलनेने सोपे आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला तीन लाख मायक्रोग्रॅम अल्कोहोल अशी आहे. धूम्रपान न करणाऱ्या साध्या शहरी माणसाच्या रक्तात बेंझीन लिटरला बहुधा एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. तीस लाख पटींचा हा फरक आहे. त्यामुळे एक मिलिलिटर हवेवर भागत नाही आणि द्रव्य आधी गोळा करून घ्यावे लागते. पिण्याच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मसारख्या द्रव्यांसाठी बेलार आणि लिख्टेनबर्ग यांनी १९७४ साली अमेरिकेत जी पद्धत मांडली, तिच्यात नमुन्यातून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडतात, निघालेली द्रव्ये टेनॅक्स या शोषक पदार्थाच्या नळीत अडकवतात आणि नळी तापवून एकदम यंत्रात ढकलतात. अटलांटा येथील सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या प्रयोगशाळेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत याच मार्गाने दहा मिलिलिटर रक्तातून बत्तीस द्रव्ये मोजली होती. बुडबुडे सोडले की रक्त फेसाळते, म्हणून फेस मारणारा पदार्थ घालावा लागतो आणि त्या पदार्थातलीच बाष्पनशील द्रव्ये आधी काढून टाकावी लागतात! ही कटकट बरीचशी मिटली ती कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पाव्लिशिन यांनी १९९० च्या सुमारास पुढे आणलेल्या तंतूमुळे. खास लेप दिलेला सेंटिमीटरभर लांबीचा काचतंतू कुपीतल्या हवेत काही मिनिटे लटकवून ठेवला की तो द्रव्ये शोषून घेतो, आणि मग तोच यंत्राच्या तापलेल्या प्रवेशद्वारात सरकवायचा. सीडीसीनेही पुढे हाच मार्ग धरला.

प्रश्न : रक्तातील सर्व प्रदूषके तपासून ती 'डिटॉक्स'ने काढून टाकावीत का? पुण्यात एका ठिकाणी अशी योजना सांगितली जाते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. बेंझीन आणि टोल्यूइन यांचा बराचसा भाग काही तासांतच श्वास आणि लघवी यांवाटे आपोआप निघून जातो. डिटॉक्सच्या आधी आणि नंतर रक्त तपासले तर दुसरा आकडा कमी येणारच. त्याचे श्रेय काढा घेणाऱ्यालाही देता येईल आणि घरी स्वस्थ झोपलेल्यालाही.

प्रश्न : माझे पिशव्यांवर छपाई करण्याचे लहान युनिट आहे. शाई पातळ करायला आणि जाळी पुसायला टोल्यूइन असलेले थिनर वापरतो. पाच कामगारांची लघवीतील हिप्प्युरिक आम्लाची तपासणी करून घ्यावी असे सुचवण्यात आले आहे. नमुना कधी आणि कसा द्यावा?
— एक लघुउद्योजक, इचलकरंजी

उत्तर : कामगारांची एवढी काळजी घेणारे मालक थोडे असतात, म्हणून स्पष्ट लिहितो : हिप्प्युरिक आम्लावर पैसे घालवू नका. टोल्यूइनपासून ते होते हे खरे, पण चहा, फळे, भाज्या यांमुळेही होते, आणि सर्वांत जास्त होते ते सोडियम बेंझोएटमुळे. बाजारचे लोणचे, टोमॅटो सॉस, थंड पेये यांत 'परिरक्षक २११' म्हणून ते बहुधा असते. शरीर बेंझोएटचे जवळजवळ पूर्ण रूपांतर हिप्प्युरिक आम्लात करते. एक ग्रॅम बेंझोएटपासून सव्वा ग्रॅमच्या आसपास हिप्प्युरिक आम्ल तयार होते. ज्याने आयुष्यात थिनर हुंगले नाही, अशा माणसाच्या लघवीतही दिवसाला ग्रॅमभर आम्ल निघू शकते. एवढ्या गोंगाटात आजच्या काळातल्या माफक टोल्यूइनचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणूनच एसीजीआयएचने ही तपासणी आपल्या यादीतून काढून टाकली.

तिच्या जागी तीन पर्याय आहेत. आठवड्यातल्या शेवटच्या पाळीच्या आधी घेतलेल्या रक्तात प्रत्यक्ष टोल्यूइन मोजायचे, त्याची मार्गदर्शक पातळी लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे. किंवा पाळी संपताना लघवीतले टोल्यूइन मोजायचे, त्याची पातळी लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे. किंवा पाळी संपताना लघवीतले ऑर्थो-क्रेसॉल मोजायचे, त्याची पातळी क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ०.३ मिलिग्रॅम आहे. लहान युनिटला मधला पर्याय सोयीचा पडेल, कारण सुई टोचावी लागत नाही. पण लघवीतले टोल्यूइन उडून जाते, हे लक्षात ठेवावे लागेल. बरणी तासभर उघडी राहिली तर नमुना फुकट गेला असे समजा. कामगाराने कामाचे कपडे बदलावेत, साबणाने हात धुवावेत आणि छपाईच्या खोलीपासून दूर, शक्यतो वेगळ्या इमारतीत, नमुना द्यावा. प्रयोगशाळेने दिलेल्या कुपीत तो लगेच घालून ती घट्ट बंद करावी आणि बर्फाच्या डब्यात ठेवावी. शाई लागलेल्या बोटांनी कुपीचे बूच बसवले, तर जो आकडा येईल तो बोटांचा असेल.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. पाच तपासण्यांच्या खर्चात जाळी पुसण्याच्या टेबलामागे एक चांगला एक्झॉस्ट पंखा बसत असेल, तर आधी पंखा बसवा, पुसलेल्या चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि मग तपासणी करा. अशा तपासण्यांत मार्गदर्शन हवे असल्यास अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच क्षेत्रात काम करते.

प्रश्न : पोलीस नळीत फुंकायला लावून दारू ओळखतात. मग बेंझीनसाठी रक्त काढण्याची गरज काय? श्वास पुरेसा नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : गुरुजी, प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण तत्त्वतः श्वास हाच जास्त योग्य मार्ग ठरावा. एक मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल असते तेवढे सामावायला फुप्फुसाच्या खोल भागातली सुमारे २१०० मिलिलिटर हवा लागते, असे पोलिसांच्या यंत्रांत गृहीत धरतात. बेंझीनसाठी तेवढ्याच रक्तामागे आठ मिलिलिटर हवा पुरते. इतक्या सहजपणे ते रक्तातून श्वासात येते, आणि माणसाला सुईही टोचावी लागत नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली उच्छ्वास थंड नळीत गोठवून गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासला, तेव्हा त्यात सुमारे अडीचशे द्रव्ये आढळली होती.

अडचण दोन ठिकाणी येते. फुंकर मारली की पहिली दीडशे मिलिलिटर हवा घसा आणि श्वासनलिका यांतली असते. ती रक्ताला शिवलेलीच नसते, म्हणून ती सोडून देऊन शेवटची हवा धरावी लागते. हाल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ सालीच लांब नळीचा वापर करून हे साधले होते, आणि आजची साधने त्याच युक्तीवर चालतात. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. समजा, रक्तात लिटरला ०.०४ मायक्रोग्रॅम बेंझीन आहे. आठाने भागले तर उच्छ्वासात घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम येते. आपल्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादाही नेमकी ५ मायक्रोग्रॅमच आहे. म्हणजे त्या माणसाने बाहेर सोडलेले बेंझीन आणि खोलीतल्या हवेत आधीपासून असलेले बेंझीन सारखेच भरते. आता यातले पोटचे कोणते आणि पाहुणे कोणते, हे कसे सांगणार? म्हणून उच्छ्वासाबरोबर खोलीतल्या हवेचा नमुनाही घ्यावाच लागतो. दारूच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण रस्त्यावरच्या हवेत मद्य नसते.

तरीही श्वासाने मोठे काम केले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने न्यू जर्सीतल्या बेयॉन आणि एलिझाबेथ या रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या गावांत लोकांच्या अंगावर नमुनायंत्रे लावली आणि संध्याकाळी त्यांचा उच्छ्वास गोळा केला. कारखान्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवले जाईल अशी अपेक्षा होती. निघाले वेगळेच : बहुतेक द्रव्यांचे प्रमाण घराबाहेरपेक्षा घरात जास्त होते, आणि उच्छ्वासातले बेंझीन सर्वांत जास्त होते ते सिगारेट ओढणाऱ्यांच्या. यावरून कारखाने निर्दोष आहेत असा अर्थ काढणारे काढतात. ज्यांच्या घरांना भट्टीचा वास सतत येतो त्यांना तो अर्थ लागू पडत नाही, कारण त्या अभ्यासात साध्या घरांची सरासरी होती, गळत्या टाकीच्या भिंतीला लागून असलेल्या घराची नव्हे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पात पेट्रोलपंपावरील कामगारांच्या रक्तातील बाष्पनशील द्रव्ये मोजत आहोत. रक्त न घातलेल्या नव्या नळ्यांतही टोल्यूइन आणि झायलीन दिसते, आणि ऊर्ध्वपातित पाण्यात क्लोरोफॉर्म. यंत्र दुरुस्तीला पाठवावे का?
— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर

उत्तर : यंत्र पाठवू नका. ते इमानदारीने काम करत आहे. रिकामी नळी तपासून पाहण्याची बुद्धी आपल्याला झाली, याबद्दल अभिनंदन करतो.

टोल्यूइन आणि झायलीन रबरी बुचातून येतात. रक्त गोळा करण्याच्या निर्वात नळ्यांच्या बुचांत ही द्रव्ये मुळातच असतात, आणि नळी महिनोन्महिने कपाटात पडून असल्यामुळे तिच्या पोकळीत जमतात. उलट दिशेनेही हेच होते, म्हणजे रक्तातली द्रव्ये बूच शोषून घेते. सीडीसीच्या प्रयोगशाळेत म्हणूनच बुचे काढून निर्वात भट्टीत दीर्घकाळ तापवून पुन्हा बसवतात. आपल्याला ते जमण्यासारखे नाही. पण एकाच बॅचच्या नळ्या घ्याव्यात, त्यांतल्या दहा कोऱ्या तपासाव्यात आणि कोऱ्या नळ्यांत येणाऱ्या चढ-उताराहून स्पष्टपणे वर जाईल तेवढाच आकडा अहवालात द्यावा, एवढे नक्की जमेल. काही द्रव्ये त्यामुळे अहवालातून गळतील. गळू द्या. नळी राखाडी बुचाची, म्हणजे साखरेच्या तपासणीला वापरतात ती घ्यावी, कारण तिच्यातले फ्लोराइड आणि ऑक्झलेट रक्त गोठू देत नाहीत आणि त्यातले रासायनिक व्यवहार थांबवतात. ती पूर्ण भरावी, फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवावी, गोठवू मात्र नये. टोचण्याआधी स्पिरिटने पुसलेली जागा पूर्ण वाळू द्यावी.

पाण्यातले क्लोरोफॉर्म नळाच्या पाण्याच्या क्लोरिनीकरणातून येते. ऊर्ध्वपातनाने ते जात नाही. वाफेबरोबर तेही उडते आणि तिच्याबरोबरच थंड होऊन खाली येते. पाणी उघड्या भांड्यात बराच वेळ उकळून, उकळतानाच त्यातून शुद्ध नायट्रोजनचे बुडबुडे सोडून, गार होताना झाकून ठेवावे.

ड्युटेरियमयुक्त प्रमाण द्रव्य वापरले की सगळे सुधारते, असा एक समज विद्यार्थ्यांत असतो. ते द्रव्य कुपीत पडल्यानंतर झालेली गळती तेवढी ते भरून काढते. पंपावर नळी उन्हात राहिली, बूच सैल बसले, तेव्हा जे गेले त्याचा त्याला पत्ता नसतो, आणि बाहेरून आत शिरलेले साधे बेंझीन तर ते निमूटपणे रक्ताच्या खात्यावर जमा करते.

बाहेरून म्हणजे कोठून कोठून, याचा एक अनुभव सांगतो. मी ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे दर सोमवारी कोऱ्या नमुन्यात १४६ या वस्तुमानाचा एक उंच संकेत यायचा, बुधवारपर्यंत उतरायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. द्रव्य पॅराडायक्लोरोबेंझीन आहे हे कळत होते, पण ते येते कोठून ते कळेना. आम्ही वायूची टाकी बदलली, केशनळी बदलली, कुप्या बदलल्या. दोन महिन्यांनी सफाईच्या मावशींनी सहज विचारले की बेसिनमध्ये गोळ्या टाकू की संपल्यात? शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या प्रत्येक बेसिनमध्ये चार-चार पांढऱ्या डांबरगोळ्या टाकत असत. आमच्या कुप्या धुऊन निथळत ठेवायचा लाकडी रॅक त्याच बेसिनच्या वर भिंतीला लावलेला होता.